काकूंना विचारलं का? आमच्या श्रवण मंडळाच्या कमिटीला खुलं पत्र

अध्यक्षकाका, सेक्रेटरीताई आणि कमिटीतले बाकी सगळे, नमस्कार.

खरं तर हे पत्र फक्त तुम्हालाच पाठवणार होते, पण मंगळवारी तुमचा मेसेज सगळ्या मेंबरांना एकदम आला म्हणून उत्तरही सगळ्यांसमोरच देते. मेसेज दोन ओळींचा होता, शेवटच्या रविवारची अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टवरची संध्याकाळ काही कारणाने रद्द, त्याऐवजी सत्तरच्या दशकातली युगुलगीतं. कारण विचारायला फोन केला तर ताई म्हणाल्या, अगं उगाच वाद नको, त्याचं ते राजकारण, ते हिटलरबद्दलचं बोलणं, आणि आपल्यात त्या ज्यू काकू पण आहेत ना, त्यांना वाईट वाटेल.

मी विचारलं, काकूंना विचारलं का? तर नाही विचारलं. म्हणून हे पत्र.

आधीच सांगते, मी त्या माणसाची बाजू घ्यायला बसलेले नाही. आता मी त्याची गाणी ऐकत नाही. पण ऐकत नाही हे ठरवायला मला सात वर्षं लागली, आणि ती सात वर्षं तुम्ही दोन ओळींत गुंडाळून टाकलीत याचा मला त्रास झालाय.

२००५ साली आम्ही कुर्ल्याला तळमजल्यावर राहायचो. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हा आकडा तुम्हाला सगळ्यांना पाठ असेल, आमच्या घरात त्या दिवशी ओट्यापर्यंत पाणी होतं. आजीला आम्ही वरच्या मजल्यावर उचलून नेलं, आणि नंतर किती तरी दिवस चिखल काढणं, सडलेलं धान्य टाकणं, पंचनामा करायला कोणी येतंय का त्याची वाट बघणं हेच चालू होतं. महिनाभराने अमेरिकेत कतरिना वादळ आलं. न्यू ऑर्लिन्समध्ये छपरांवर अडकलेली माणसं टीव्हीवर दिसायची, बहुतेक सगळी काळी, गरीब, आणि मदत येत नाही म्हणून हात हलवणारी. २ सप्टेंबरला तिकडे मदतनिधीसाठी लाइव्ह कार्यक्रम होता, त्यात समोर लिहून दिलेलं वाचायचं सोडून हा अठ्ठावीस वर्षांचा रॅपर घाबऱ्या आवाजात बोलायला लागला आणि शेवटी सरळ म्हणाला की जॉर्ज बुशना काळ्या लोकांची पर्वा नाही. मी ते नंतर सायबर कॅफेत बघितलं, किती वेळा बघितलं ते आठवत नाही. पाण्यात कोण बुडतं आणि कोरडं कोण राहतं हे आम्ही नुकतंच बघितलेलं होतं, आणि हा माणूस ते तोंडावर बोलला.

त्यानंतर काळा घोड्याला रिदम हाऊसमध्ये जाऊन त्याचा २००४ चा पहिला अल्बम घेतला, साठवलेल्या पैशातून. त्यातलं एक गाणं त्याने मोठ्या अपघातानंतर जबडा तारेने बांधलेला असताना रेकॉर्ड केलंय, शब्द अक्षरशः दातांमधून बाहेर येतात. माझं इंग्रजी तेव्हा यथातथाच होतं, अर्धे शब्द कळायचे नाहीत, पण ते दातांमधून बोलणं कळायचं.

हे एवढं सांगितलं कारण मंडळात नेहमी म्हणतात की गाणं वेगळं आणि राजकारण वेगळं, आपण फक्त गाणं ऐकायचं. माझ्या बाबतीत तसं कधी नव्हतंच. मी त्याची फॅन झाले तीच त्याच्या राजकारणामुळे. बुशच्या समर्थकांना ते वाक्य तेव्हा भयंकर लागलं होतं, खुद्द बुशनी पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात तो क्षण राष्ट्राध्यक्षपदाच्या काळातला सगळ्यात वाईट क्षण म्हणून लिहिला. म्हणजे तो वादग्रस्त पहिल्यापासून होता, फक्त तेव्हाचा वाद माझ्या बाजूचा होता. हे मला मान्य करावंच लागतं, नाहीतर पुढचं काही प्रामाणिकपणे बोलता येणार नाही.

मग २०१६ मध्ये तो म्हणाला की मतदान केलं असतं तर ट्रम्पला केलं असतं. मला आवडलं नाही, पण ठीक, ज्याचं त्याचं मत. मे २०१८ मध्ये म्हणाला की चारशे वर्षांची गुलामगिरी ऐकली की ती चॉइस वाटते. तेव्हा मी पहिल्यांदा हेडफोन काढून ठेवले, दोन आठवडे, पण जूनमध्ये नवा अल्बम आला, तिकडे तो पहिल्या नंबरवर गेला आणि मी पण ऐकला. त्या अल्बमवर त्याने स्वतःच्या बायपोलर आजाराबद्दल लिहिलं होतं. माझ्या मामाला हाच आजार आहे, तो बिघडतो तेव्हा कसा बोलतो, किती खर्च करतो, रात्ररात्र कसा झोपत नाही हे आम्ही वर्षानुवर्षं बघतोय, त्यामुळे मी स्वतःची समजूत घातली की हा आजार बोलतोय. पण मामाने कितीही बिघडला तरी एखाद्या जातीधर्माच्या माणसांवर कधी दात धरला नाही. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं, नाही सुचलं, माया होती ना.

ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने ज्यू लोकांविरुद्ध उघड धमकी लिहिली. काही दिवसांत लॉस एंजेलिसच्या एका हायवेच्या पुलावर ज्यूंबद्दल कान्येचं बरोबर आहे असा बॅनर लावून लोक नाझी सॅल्यूट करत उभे होते. डिसेंबरमध्ये एका मुलाखतीत त्याने हिटलरचं कौतुक केलं. डिसेंबर २०२३ मध्ये हिब्रूत माफी मागितली, मला इतकं बरं वाटलं की मी भावाला रात्री उठवून दाखवलं. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये परत सगळं पहिल्यासारखं, वर स्वतःच्या वेबसाइटवर नाझी चिन्हाचा टीशर्ट विकायला ठेवला. आपल्या दारावर असतं ते स्वस्तिक नव्हे, हिटलरच्या झेंड्यावरचं.

त्याच आठवड्यात मी सकाळी स्लो लोकलने ऑफिसला चालले होते, फोन शफलवर, सँडहर्स्ट रोड सुटलं आणि त्याचं जुनं गाणं लागलं, तेच दातांमधून म्हटलेलं, आणि गाडी मस्जिदला थांबली. त्या स्टेशनाचं नाव तिथल्या सिनेगॉगवरून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून, पडलं असं काकू सांगतात. १७९६ साली दिवेकर नावाच्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू, माणसाने बांधलेलं, मुंबईतलं सगळ्यात जुनं, लोक त्यालाच जुनी मशीद म्हणायचे. मी गाणं बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुठला बहिष्कार नव्हता, फक्त बोट आपोआप गेलं. त्यानंतर नाही लावलं.

माझा धाकटा भाऊ मात्र अजून ऐकतो. तो म्हणतो ताई, मी त्याची गाणी ऐकतो, त्याला शेजारी राहायला बोलवलं नाहीये. आमच्या दोघांचं यावरून दोनदा चांगलंच वाजलंय, आईला मध्ये पडावं लागलं. तो नाझी वगैरे अजिबात नाही, चांगला मुलगा आहे, पण त्याचं त्या गाण्यांशी जे नातं आहे ते त्याचं आहे, माझ्या सांगण्याने तुटणार नाही आणि तुटावं असा हट्ट मी आता सोडलाय.

मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं म्हणे की असल्या लोकांना काहीच फरक पडत नाही, एवढं बोलून पण फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा अल्बम अमेरिकेत पहिला आलाच ना. आला, खरं आहे. पण मला वाटतं लोकप्रियतेत दोन गोष्टी असतात, नळ आणि तहान. नळ कंपन्यांच्या हातात असतो. आदिदासने २५ ऑक्टोबर २०२२ ला करार तोडला तेव्हा फोर्ब्सने त्याला अब्जाधीशांच्या यादीतून काढलं, कारण त्याची बहुतेक श्रीमंती गाण्यांची नव्हतीच, बुटांची होती. तो नळ एका दिवसात बंद झाला. स्पॉटिफायच्या प्रमुखाने मात्र त्याचं बोलणं भयानक आहे म्हणूनसुद्धा गाणी काढायला नकार दिला, ते लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, ठरवावं म्हणाला, म्हणजे तो नळ चालूच राहिला. आणि तहान कंपनीला बंद करता येत नाही. ती एकेका माणसाची असते आणि एकेका माणसातच मरते, मस्जिद स्टेशनवर वगैरे, कुणाला न सांगता. पहिल्या नंबरच्या आकड्यात माझा भाऊ मोजलेला आहे, मी नाही. न ऐकणारी माणसं कुठल्याच चार्टवर दिसत नाहीत.

उलटं पण होतं. डिक्सी चिक्स नावाचा टेक्सासच्या बायकांचा बँड होता, आता नुसतं द चिक्स म्हणतात. १० मार्च २००३ ला, इराक युद्धाला दहा दिवस असताना, त्यांच्या गायिकेने लंडनच्या स्टेजवरून सांगितलं की बुश आमच्या टेक्सासचा आहे याची आम्हाला लाज वाटते. तिकडच्या कंट्री रेडिओ स्टेशनांनी त्यांची गाणी धडाधड बंद केली, लोकांनी सीड्या आणून ट्रॅक्टरखाली चिरडल्या. त्यांचे फॅन रेडिओवर जगणारे होते, नळ बंद झाला आणि बऱ्याच जणांची तहान पण आटली, कारण सैन्यात गेलेली मुलं त्यांच्याच घरांतली होती आणि त्यांना तो अपमान वाटला. चार वर्षांनी त्यांना एका रात्रीत पाच ग्रॅमी मिळाली, नवे फॅन मिळाले, पण कंट्री रेडिओवरची जुनी जागा काही परत आली नाही. एक वाक्य, कुणाला मारा-झोडा नाही, आणि एवढी शिक्षा. ते आठवलं की मला बहिष्काराची भीतीच वाटते.

आणि आपलं मंडळ दरवर्षी ४ ऑगस्टला किशोरकुमार करतं. दरवर्षी अध्यक्षकाका आणीबाणीची गोष्ट सांगतात, सरकारच्या प्रचाराला गायला नकार दिला म्हणून मे १९७६ पासून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्यांची गाणी बंद केली, तेव्हाचे माहिती-प्रसारण मंत्री विद्याचरण शुक्लांचं खातं, आणि तरी पानाच्या दुकानात, लग्नात, गणपतीत किशोर वाजतच राहिला. काका ती गोष्ट इतकी सुंदर सांगतात की माझ्या अंगावर दरवर्षी काटा येतो. म्हणूनच विचारते काका, त्या गोष्टीत तुम्हाला नेमकं काय आवडतं? किशोरदांचा नकार तर आहेच, पण लोकांनी स्वतःच्या कानांवरचा हक्क सोडला नाही हेसुद्धा आहे ना?

मी किशोरकुमार आणि कान्ये एका तागडीत टाकत नाहीये, प्लीज तसं वाचू नका. किशोरदांनी सत्तेला नाही म्हटलं. याने आधीच शेकडो वर्षं मार खाल्लेल्या लोकांवर आग ओकली. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक बोलायला हवा म्हणूनच मला कार्यक्रम हवाय. नोव्हेंबर २०१३ मध्ये लतादीदी पुण्यात म्हणाल्या की नरेंद्र मोदी पंतप्रधान व्हावेत, तर मुंबई काँग्रेसच्या अध्यक्षांनी त्यांचं भारतरत्न परत घ्यायची भाषा केली होती. आपल्या मंडळात तेव्हा काँग्रेसवाले होते, सेनावाले होते, लाल बावट्यावाले दोन काका होते, एकानेही दीदी ऐकणं सोडलं नाही, आणि बरोबरच होतं, ते एका माणसाचं मत होतं, त्यात कुणाचा द्वेष नव्हता. भूपेन हजारिका २००४ मध्ये गुवाहाटीतून भाजपकडून उभे राहिले आणि पडले, आसाममधले त्यांचे कितीतरी चाहते दुखावले होते. २०११ मध्ये ते इथे मुंबईत वारले आणि त्यांना गुवाहाटीला नेलं तेव्हा दर्शनाला लाखो लोक लोटले. मत दिलं नाही, पण गाणं सोडलं नाही. माणसं एवढी समजूतदार असतात, त्यांच्या वतीने घाईघाईने ठरवायची गरज नसते.

सप्टेंबर २०२३ मध्ये कॅनडातल्या शुभ नावाच्या पंजाबी रॅपरचा मुंबईतला शो असाच गेला. त्याने भारताचा चुकीचा नकाशा शेअर केला होता, इथे पोस्टर फाडली गेली, स्पॉन्सरने हात काढला, सगळी टूर रद्द, तिकिटांचे पैसे परत. भावाच्या मित्राने तिकीट काढलेलं. नकाशा बघून त्याला स्वतःलाच राग आला होता, जाऊ की नको यावर तो रोज रात्री डोकं खायचा, आणि मग एक दिवस रिफंडचा मेसेज आला आणि विषय संपला. त्याचं जे काय ठरणार होतं ते ठरलंच नाही. आज त्याच्या गाडीत शुभ वाजतो. शो झाला असता तर कदाचित तो गेला नसता आणि ऐकणंही सुटलं असतं, किंवा जाऊन आला असता, काय माहीत. पण ते त्याचं झालं असतं.

आता काकूंबद्दल. गुरुवारी मी त्यांच्याकडे ठाण्याला गेले. त्यांची नातवंडं इस्रायलमध्ये, त्या आणि दादा इथेच. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना त्या फक्त मलिदा आणणाऱ्या काकू म्हणून माहीत आहेत, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं, एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे त्यांच्या प्रेषिताच्या, नावाने केलेले, आपण सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लेत. त्यांचं घराणं अलिबागच्या बाजूचं, तेलाचे घाणे होते, शनिवारी घाणा बंद म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आडनाव गावावरून, आपल्यासारखंच कर लावलेलं. नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाऊस या ज्यूंच्या केंद्रावर हल्ला झाला त्यानंतर त्यांच्या सिनेगॉगबाहेर पोलीस बसायला लागले, आणि त्या म्हणाल्या, आपल्याच गावात आपल्याला पहारा लागतो हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

मी त्यांना रद्द झाल्याचं सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, अगं मी तर येणार होते. त्या पोराचं ते कोरसवालं गाणं तू मागे ऐकवलं होतंस ना, आवडलं होतं मला. मी येणार होते, ऐकणार होते, आणि मग पाच मिनिटं मागून बोलणार होते. तुम्ही कार्यक्रम काढलात म्हणजे माझं बोलणं पण काढलंत. आता युगुलगीतांच्या मध्ये मी हे कुठे बोलू?

सेक्रेटरीताई, तुमचा हेतू चांगला होता हे मला माहीत आहे, तुम्ही काकूंवर जीव लावता. पण त्यांच्या दुःखाचं नाव पुढे करून आपण आपली अवघडलेली संध्याकाळ टाळली, आणि ज्यांचं दुःख त्यांनाच गप्प केलं. मला तरी तसंच दिसतं.

मग काकूंनीच मला वाग्नरची गोष्ट सांगितली. रिचर्ड वाग्नर, जर्मन, एकोणिसाव्या शतकातला, मोठा संगीतकार आणि ज्यूंचा उघड द्वेष करणारा, त्यावर निबंध लिहिणारा, पुढे हिटलरचा लाडका. १९३८ पासून, पुढे जो इस्रायल फिलहार्मोनिक झाला त्या ऑर्केस्ट्राने त्याला वाजवणं बंद केलं. १९८१ मध्ये तेल अवीवला आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी कार्यक्रम संपल्यावर जाहीर केलं की आता वाग्नर वाजवतोय, ज्यांना नको असेल त्यांनी खुशाल जावं. गोंधळ झाला, हॉलमधलाच एक माणूस पुढे येऊन अंगावरचे वण दाखवायला लागला. मग २००१ च्या जुलैमध्ये जेरुसलेमला डॅनियल बारेनबॉइम नावाचे कंडक्टर, ते स्वतः ज्यू, त्यांनी ठरलेला कार्यक्रम संपवला आणि प्रेक्षकांना विचारलं, वाजवू का? अर्धा तास हॉलमध्ये वादावादी झाली, आरडाओरडा, काही जण दारं आपटून निघून गेले, आणि मग जे थांबले त्यांच्यासाठी वाजवलं. नंतर त्यांच्यावर बहिष्काराची मागणी झाली, म्हणजे भांडण काही मिटलं नाही. पण विचारलं तरी. ज्यांचं दुःख होतं त्यांच्या तोंडावर उभं राहून विचारलं.

मला आपल्या मंडळाकडून एवढंच हवंय. रविवारी कार्यक्रम ठेवा. काय वाजणार आणि तो माणूस काय काय बोललाय हे आधीच्या मेसेजमध्ये स्पष्ट लिहा, म्हणजे ज्यांना यायचं नाही ते येणार नाहीत. पहिला अर्धा तास गाणं नाही. पहिल्यांदा काकू बोलतील, किती वेळ ते त्या ठरवतील. माझा भाऊ येणार आहे, तो का ऐकतो ते तो सांगेल, मी का सोडलं ते मी सांगेन, आणि शेवटी काकू नको म्हणाल्या तर त्या दिवशी वाजवायचं नाही, त्यावर मतदान वगैरे काही नाही. मला वाटतं त्या नको म्हणणार नाहीत, पण म्हणाल्या तर माझी तक्रार नसेल, कारण ते नको त्यांच्या तोंडून आलेलं असेल.

पैशाचा मुद्दा कुणीतरी काढेलच, की वाजवलं की त्याच्या खिशात पैसे जातात. म्हणून स्ट्रीमिंग नको, माझ्या जुन्या सीड्या आहेत. ज्या दुकानातून घेतल्या ते २०१६ मध्ये बंदसुद्धा झालं. फक्त सुरुवातीचे तीन अल्बम, नंतरचं काही नाही. आपला सीडी प्लेअर अडकतो म्हणून शनिवारी घरचा घेऊन येईन.

ताई, हॉलची चावी तुमच्याकडे आहे. काकूंना ठाण्याहून यायला तास लागतो आणि गुडघ्यामुळे त्यांना फास्ट गाडीत चढता येत नाही, मी कुर्ल्याला त्यांच्या स्लो लोकलमध्ये चढेन आणि सोबत घेऊन येईन. शुक्रवारी संध्याकाळी त्या शब्बाथचा, म्हणजे त्यांच्या पवित्र शनिवारचा, दिवा लावतात आणि शनिवार रात्रीपर्यंत फोन घेत नाहीत, तेव्हा जे काही ठरेल ते त्यांना शुक्रवारी दुपारच्या आत स्वतः फोन करून सांगा.

तुमची,
मागच्या रांगेत डावीकडे बसणारी, कुर्ल्याची मेंबर